आगरकोटांतील एक दिवस

गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं आम्ही घरचीं नऊ माणसें रेवदंड्यास जाऊन आलों. सहल एकाच दिवसाची. पण तिच्यावरून घरांत आठवडाभर खल चालला होता. धाकट्या पुतण्यानें यादीच तयार केली होती : चौलचा रामेश्वर, दत्ताची टेकडी, खाडीपलीकडचा कोरलई किल्ला, आणि रात्रीं घरीं. आत्याबाईंनीं ती शांतपणें ऐकून घेतली व म्हणाल्या, "तुम्ही सारें पाहा, बाबांनो. मला मात्र आपल्या विहिरीपाशीं बसवून जा." त्यावर कोणी कांहींच बोललें नाहीं. कां, तें पुढें येईल.

भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसकट माणसें नेणारी बोट तासाभरांत मांडव्यास लागते. तेथून अलिबाग, नागांव, चौल असा माडांच्या सावलींतला रस्ता आहे. चौल मागें पडतें न पडतें तोंच हा रस्ता काळ्या दगडी तटाला भेदून सरळ आंत शिरतो. हाच रेवदंड्याचा कोट, म्हणजेच आगरकोट. किल्ला म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें डोंगर उभा राहतो. येथें चढ मुळींच नाहीं. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस कुंडलिकेची खाडी, आणि तटाच्या आंत घरें, देवळें व नारळीपोफळीच्या वाड्या. गुडघे दुखणाऱ्या मंडळींनीं याहून चांगला किल्ला शोधूं नये.

हा कोट पोर्तुगीजांचा. निजामशहाच्या संमतीनें त्यांनीं १५२० नंतर तो बांधावयास घेतला. पुढें दुसऱ्या एका निजामशहानें, मुर्तझानें, १५७०-७१ सालीं त्याला मोठा वेढा घातला, पण कोट पडला नाहीं. वसई पडल्यावर दुसऱ्याच वर्षीं, १७४० मध्यें, तो मराठ्यांकडे आला. येथल्या भव्य चर्चांच्या आज भिंतीच उरल्या आहेत. त्यांत उंच दिसतो तो फ्रान्सिस्कन मठाचा 'सातखणी' मनोरा. पायथ्याशीं गंजलेल्या तोफा पडल्या आहेत. पोर्तुगीजांच्याही आधीं, पंधराव्या शतकांत, अफानासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलास उतरला होता. येथील लोक उघड्या अंगानें हिंडतात याचें त्याला फार नवल वाटलें, आणि तसें त्यानें लिहूनही ठेविलें. थंड मुलुखांतल्या माणसाला आपला कोंकणी उकाडा काय ठाऊक! त्याचें स्मारक रेवदंड्यांत आहे. तें पाहून मुलें समुद्रावर गेलीं आणि मी आत्याबाईंना घेऊन वाडींत गेलों.

ही वाडी एके काळीं आमची होती. आजोबा १९७२ सालीं वारले. १९५६ च्या कायद्यानें बापाच्या मिळकतींत मुलीलाही वाटा होता. पण आमच्या घरीं त्याची वाच्यता झाली नाहीं. माझ्या वडिलांनीं हक्कसोडपत्र पुढें ठेविलें, आत्याबाईंनीं सही केली, आणि त्यांना एक साडी मिळाली. दोन वर्षांनीं वाडी विकली, तें त्यांना पोस्टकार्डानें कळलें. त्या पैशांतून माझें शिक्षण झालें.

आतांच्या मालकीणबाईंनीं अगत्यानें विहिरीपाशीं खुर्ची मांडली आणि कोकमाचें सरबत आणून दिलें. रहाट केव्हांच गेला आहे. विजेचा पंप आला आहे. दगडी डोण मात्र आहे, तिच्यांत जास्वंद लाविली आहे. आत्याबाई डोणीच्या कांठावरून हात फिरवीत बोलूं लागल्या. रहाटाच्या कुरकुरीवर मुलें झोपत. आई स्वयंपाकघरांत असे. आवाज थांबला कीं बैल थांबला हें तिला तेथूनच कळे आणि ती हांक मारी. त्यांना कोणती पोफळ कोणी लाविली तेंही आठवत होतें; मात्र त्या पोफळी आतां नव्हत्या.

मीं धीर करून विचारलें, "आत्याबाई, तुम्ही सही कां केलीत?"

"वाटा मागितला असता तर माहेर तुटलें असतें रे. सही केली म्हणून भाऊबीजेला येतां तरी आलें." थोडा वेळ त्या विहिरींत पाहत राहिल्या. "विकतांना मात्र एकदां विचारावयाचें होतें. मी काय नको म्हटलें असतें?"

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मीं पेला उचलला. तो रिकामाच होता.

तिकडे मुलें वाळूंत इतकीं रमलीं कीं यादी यादीच्या ठिकाणीं राहिली. कोरलई आम्हीं किनाऱ्यावरून पाहिला. पुतण्या हळहळला, पण ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं एका दिवसांत हा कोटच तेवढा पाहावा, असें मी म्हणेन. समुद्राकडच्या तटाच्या कडेनें ओहोटीच्या वेळीं सावकाश चालण्यांत जें सुख आहे तें मोटारींतून चार ठिकाणें गांठण्यांत नाहीं.

निघतांना मालकीणबाई हळदकुंकू, तांदूळ आणि नारळ घेऊन बाहेर आल्या. यजमान गेल्यापासून आत्याबाई कोणाकडून ओटी घेत नाहींत. आमच्या घरींही कोणी आग्रह करीत नाहीं. त्या मागें सरल्या. "माहेरवाशीण रिकाम्या पदरानें कशी पाठवूं?" मालकीणबाई म्हणाल्या. आत्याबाईंनीं एकवार माझ्याकडे पाहिलें आणि पदर पुढें केला.

बोटींत माझ्या सुनेनें तो नारळ पिशवींत ठेवावयास मागितला. त्यांनीं तो दिला नाहीं. धक्का येईपर्यंत मांडीवरच धरून बसल्या होत्या.