ओरडणारा इशारा आणि गप्प धोका

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस जळगावजवळ मामुराबाद रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवर पोलिसांनी छापा टाकला. तिथून बनावट कॉल सेंटर चालवून परदेशी नागरिकांना गंडवले जात होते, असा आरोप आहे. त्याच्या सुमारे दीड महिना आधी सीबीआयने इगतपुरीच्या एका रिसॉर्टमधले असेच सेंटर उघडकीस आणले होते. कोण दोषी, ते न्यायालय ठरवेल. पण हा धंदा आता महानगरांपुरता उरलेला नाही, एवढे आपल्याला कळले.

या धंद्याची एक वाट आपल्या ब्राउझरमधून जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ राबवले, तेव्हा तिची रीत समोर आली. इंटरनेटवर काही पाहत असताना अचानक पडदाभर इशारा येतो: ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे.’ इशारा नामांकित कंपनीच्या नावाने असतो आणि सोबत टोल-फ्री क्रमांक असतो. त्यावर फोन केला की पलीकडचा माणूस संगणकाचा ताबा मागतो, नसलेला बिघाड दाखवतो आणि दुरुस्तीचे पैसे उकळतो. म्हणजे आजार नसताना शस्त्रक्रिया, आणि वर बिल.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण या फसवणुकीचे खरे हत्यार भीती आहे. लाल पडदा, भोंग्याचा आवाज आणि उलटी मोजणी एकदम समोर आली की शरीरात ॲड्रेनलिन वाढते, छातीत धडधडते, हात थरथरतात. अशा वेळी मेंदू सारासार विचार बाजूला ठेवतो आणि सुटकेचा जवळचा रस्ता शोधतो. तो रस्ता म्हणून फोन क्रमांक समोर ठेवलेलाच असतो. म्हणून शिकलेली माणसेही फसतात. घरात कोणी फसले तर त्याला ‘एवढेही कळले नाही का’ म्हणून झापू नका. लाजेपोटी माणूस गप्प बसतो, आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात जातात.

निदान मात्र सोपे आहे. कोणतीही वेबसाइट नुसती उघडल्याने तुमच्या संगणकाची तपासणी करू शकत नाही. पडद्यावर पळणारी टक्केवारी हे निव्वळ चित्र असते. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितले आहे की, त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. ब्राउझरचाही खरा लाल इशारा असतो. तो संशयास्पद साइट उघडण्याआधी येतो आणि ‘मागे फिरा’ म्हणतो. तो पाळावा. खरा इशारा थांबवतो. खोटा घाई करायला लावतो.

खोटा इशारा आल्यास त्यातले कोणतेही बटण दाबू नका, ‘बंद करा’ लिहिलेलेसुद्धा. पडदा अडकला असेल तर एस्केप बटण काही सेकंद दाबून धरा आणि टॅब बंद करा. तरीही हलत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू नका. मोबाईलवर अलीकडच्या ॲपच्या यादीतून ब्राउझर सरकवून काढा. इशारे वारंवार येत असतील तर बहुधा कधीतरी एखाद्या साइटला ‘नोटिफिकेशन’ची परवानगी दिली गेलेली असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढा. मग संगणकातल्याच सुरक्षा प्रोग्रॅमने एकदा तपासणी करा.

फोन करून झाला असेल, ताबा दिला असेल तर आधी इंटरनेट तोडा. दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला, बँकेला कळवा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करा. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास मोलाचा असतो, तसाच इथेही. तक्रार लवकर झाली तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता अधिक.

आता दुसरी बाजू. ओरडणाऱ्या इशाऱ्याला आपण घाबरतो आणि गप्प इशाऱ्याकडे पाहतही नाही. ‘अपडेट उपलब्ध आहे’ ही कोपऱ्यातली ओळ आपण महिनोन्‌महिने ‘नंतर’ म्हणत टाळतो. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, तरी असंख्य संगणकांत तो बसवलेला नव्हता. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्याचा अंदाज आहे. आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले. तिथे कारण वेगळे होते; नेटवर्कची विभागणी नीट नव्हती, असे सरकारने संसदेत सांगितले. पण परिणाम तोच. ओपीडीची नोंद आणि तपासण्यांचे रिपोर्ट जवळपास दोन आठवडे हाताने लिहावे लागले.

रक्तदाबाचेही असेच असते. तो वाढला तरी बहुतेकांना काही दुखत नाही, म्हणून गोळी राहून जाते. फरक एवढाच की छातीत कळ आली तर ती खोटी समजू नका, लगेच दवाखाना गाठा. शरीराचा मोठा आवाज खरा मानून तपासायचा; ब्राउझरचा मोठा आवाज खोटा मानून बंद करायचा.

जळगाव-धुळ्यातल्या छोट्या दवाखान्यांत, लॅबमध्ये आणि मेडिकल दुकानांत अजून जुने संगणक चालतात. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहे. त्याच संगणकावर दिवसा रुग्णांची नोंद आणि रात्रपाळीला फुकटचे सिनेमे, हा प्रकार थांबायला हवा. नोंदींची एक प्रत संगणकापासून वेगळी ठेवावी, अपडेट चालू ठेवावे. आणि काही संशय आला तर कोणाला विचारायचे, त्या ओळखीच्या माणसाचा क्रमांक संगणकाशेजारी भिंतीवर लिहून ठेवावा. पडद्यावरच्या अनोळखी क्रमांकाची गरजच पडणार नाही.