जोखीम कोणाच्या पदरात?

मृगाचा पाऊस पडला की कऱ्हाड, वाळवा, पलूस या तालुक्यांतील कृषी सेवा केंद्रांपुढे शेतकऱ्यांची गर्दी होते. सोयाबीनची पिशवी घरी येते, पेरणी होते आणि एखाद्याचे रान आठ-दहा दिवसांनीही उघडेच राहते. तो दुकानदाराकडे गेला, तर ‘पेरणी खोल झाली असेल’, ‘ओल कमी पडली असेल’ ही उत्तरे त्याची वाट पाहत असतात. तोवर बियाण्याचे पैसे गेलेले असतात, वाफसाही गेलेला असतो.

या उत्तरांना एका जुन्या न्यायतत्त्वाचा आधार आहे. ‘खरेदीदारा, सावध राहा’ हे ते तत्त्व. १६०३ साली इंग्लंडमध्ये एका सोनाराने विषावरचा उतारा म्हणून एक खडा शंभर पौंडांना विकला. खडा खोटा निघाला, तरी खरेदीदार खटला हरला. कारण सोनाराने तसे नुसते सांगितले होते, हमी दिली नव्हती! हेच तत्त्व १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमातून आपल्याकडे आले. त्याला अपवाद आहेत. पण नियम खरेदीदाराच्या सावधगिरीचा आहे.

हे तत्त्व मुळातच अन्यायाचे आहे, असे मी म्हणणार नाही. बैलबाजारात घेणारा दात पाहतो, बैल चालवून पाहतो; तेथे दोघांचे ज्ञान बरोबरीचे असते. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शंका शेतकऱ्यांनी आरंभी घेतली होती. पण नांगर डोळ्यांदेखत चालवून दाखवता आला आणि शंका फिटली. बियाण्याचे तसे नाही. त्याचा गुण मोहोरबंद पिशवीत, दाण्याच्या पोटात असतो आणि तो उत्पादकालाच ठाऊक असतो. ज्ञानाची अशी विषमता असेल तेथे बाजार खऱ्या-खोट्याची निवड करू शकत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० सालीच दाखवून दिले.

‘गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण तपासा, सत्तर उगवले तर पेरा’, असा सल्ला कृषी खाते देते. सल्ला उत्तम आहे आणि तो पाळावा. परंतु या चाचणीने उगवण कळते, वाणाची शुद्धता कळत नाही. भाजीपाल्याच्या संकरित बियाण्यातली भेसळ फळ धरेपर्यंत दिसत नाही. शिवाय, सल्ला न पाळल्याचे निमित्त करून उत्पादकाची जबाबदारी माफ होत असेल, तर तो सल्ला शेतकऱ्यावर उलटलेला म्हटला पाहिजे.

प्रत्येक नापिकीचा दोष बियाण्याचा नसतो, हेही प्रामाणिकपणे मान्य करू. प्रश्न एवढाच आहे की, पुरावा कोणी द्यायचा? राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे असे ठरवले आणि त्याने तपासणीसाठी बियाणे राखून ठेवावे ही अपेक्षा अवास्तव मानली. तरीही २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यात हजारोंनी झाल्या आणि औरंगाबाद खंडपीठाला आपणहून दखल घ्यावी लागली. १९६६ च्या बियाणे कायद्याने पहिल्या गुन्ह्याला ठरवलेला दंड होता जास्तीत जास्त पाचशे रुपये. एवढ्या दंडाला कोणता उत्पादक भिणार?

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. बियाणे निर्दोष होते हे उत्पादकाने सिद्ध करावे आणि भरपाई पिशवीच्या किमतीची नव्हे, बुडालेल्या पिकाची मिळावी. मोहोरबंद पिशवी विकणाऱ्या खेड्यातल्या लहान दुकानदारावर सारा राग काढून उत्पादकाला मोकळे सोडू नये.

मागणी मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांना काम आहे. उधारीवर माल घेणारा शेतकरी पक्की पावती मागायला संकोचतो. त्याच्याबरोबर दुकानात उभे राहा. पावती, पिशवी आणि तिच्यावरचे लेबल जपायला सांगा. रान मोडण्यापूर्वी तालुक्याच्या तक्रार समितीकडे अर्ज देऊन पंचनामा करून घ्या. एकाच बियाण्याने फसलेल्या अनेकांना ग्राहक आयोगापुढे एकत्र तक्रार करता येते, हे गावोगाव सांगा. एकट्या खरेदीदाराने किती सावध राहावे, याला मर्यादा आहे. संघटित खरेदीदारापुढे मात्र विक्रेत्यालाच सावध राहावे लागते.