गिऱ्हाईक की पाहुणा?

जानेवारी उजाडला की आमच्या स्टाफरूममध्ये शिफारसपत्रं मागणाऱ्यांची ये-जा सुरू होते. मी पुण्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात जर्मन शिकवते. अकरावीला जर्मन घेणारी बरीच मुलं ‘स्कोअरिंग आहे’ म्हणूनच घेतात, आणि माझा पगारही त्यावरच चालतो, त्यामुळे माझी तक्रार नाही. पण त्यातल्या काहींना उन्हाळ्यात ऑक्सफर्डला, बोस्टनला, म्युनिकला दोन-तीन आठवड्यांच्या कोर्सला जायचं असतं. कुठे ‘लीडरशिप’, कुठे ‘भावी डॉक्टर’, अशी त्या कोर्सची नावं. विमान आणि व्हिसा धरून खर्च सहज पाच-सात लाखांच्या घरात जातो. मुलांना माझं पत्र हवं असतं, पालकांना मात्र या खर्चाबद्दल माझं मत हवं असतं.

माझं मत सरळ आहे. मूल तिथे गिऱ्हाईक म्हणून जाणार असेल, तर पैसे राखून ठेवा, पुढे लागतील. पाहुणा म्हणून जाणार असेल, तर जरूर पाठवा.

आधी प्रवेशाचं बघू, कारण निम्मी घरं त्यासाठीच तयार होतात. “मॅडम, अर्जाला वजन येतं म्हणतात.” कुणाकडच्या अर्जाला? जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांना तुमच्या मुलाने मागच्या जुलैत काय केलं याच्याशी फारसं कर्तव्य नसतं. ती गुण बघतात, भाषेची पातळी बघतात, कागदपत्रं तपासल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र मागतात. शिवाय नुसत्या बारावीवर तिथे सहसा थेट घेतच नाहीत. इथे पदवीचं एखादं वर्ष करावं लागतं, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पार करावी लागते, नाहीतर तिथे जाऊन पूर्वतयारीचं वर्ष काढावं लागतं. ब्रिटनच्या यूकास या सामाईक प्रवेश-अर्जात मुलाने ४००० अक्षरांत स्वतःबद्दल आणि विषयाबद्दल लिहायचं असतं. त्यात वाचन दिसावं लागतं, बोर्डिंग पास नव्हे. उरली अमेरिका. तिथे शाळेबाहेरचे उद्योग खरंच पाहतात. पण हार्वर्डचा दोन आठवड्यांचा प्री-कॉलेज कोर्स त्यांच्या समर स्कूलचा असतो. त्याला ना ग्रेड, ना क्रेडिट, आणि पदवीचे प्रवेश देणारं कार्यालय वेगळंच.

ऑक्सफर्ड-केंब्रिजची गंमत तर त्याहून मोठी. सुट्टीत तिथली कॉलेजं रिकामी होतात, मग खोल्या आणि भोजनगृहं भाड्याने दिली जातात. समर स्कूल चालवणाऱ्या अनेक खासगी कंपन्या ती घेतात. मुलगा खऱ्याखुऱ्या कॉलेजात झोपतो, फोटोत मागे खराखुरा मनोरा दिसतो, आणि विद्यापीठाला त्याचं नावही ठाऊक नसतं. मंगल कार्यालय भाड्याने घेतलं म्हणून कुणी मालकाचा जावई होत नाही.

ज्यांचं वजन खरोखर पडतं असे कार्यक्रम आहेत. १९८४ पासून चालणारा, आता एमआयटीत भरणारा आरएसआय हा संशोधनाचा उन्हाळी कार्यक्रम घ्या: जगभरातून शंभरेक मुलं निवडतात आणि शिकवण्याची फी घेत नाहीत. माझा ढोबळ नियम असा, की जिथे शिरणं अवघड ते बहुधा फुकट किंवा स्वस्त असतं, आणि जे स्वतःहून ईमेल पाठवून “तुमची निवड झाली आहे” कळवतात ते महाग. गणिताचं वेड असेल तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रॉमिसचं शिबिर होतं, मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राच्या ऑलिंपियाड शिबिरांपर्यंत पोचता येतं. तिथे पासपोर्टवर शिक्का बसत नाही, हीच त्यांची अडचण.

कॅलेंडरकडे तर कुणी पाहतच नाही. आपली सुट्टी एप्रिल-मे. तिकडचे कोर्स जूनअखेर ते ऑगस्ट. तोवर इथे पाऊस लागलेला असतो, बारावी सुरू झालेली असते, क्लासवाल्यांची पहिली टेस्ट सिरीज निघालेली असते. मुलगा परततो आणि तीन प्रकरणं मागे पडलेला असतो. लीडरशिप शिकून आला असला, तरी इलेक्ट्रोस्टॅटिक्स त्याच्यासाठी थांबत नाही.

पाहुणा म्हणजे काय, तेही सांगते. आमच्या ओळखीच्या एका शाळेची जर्मनीतल्या शाळेशी देवाणघेवाण आहे. माझी एक विद्यार्थिनी त्यातून हेसेनमधल्या एका छोट्या गावात राहून आली. पहिल्याच संध्याकाळी टेबलावर ब्रेड, चीज, काकडी आली. ही आपली थोडंसं खाऊन थांबली, खरं जेवण मागाहून येईल म्हणून. ते आलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पोटभर ब्रेड खायला शिकली. कचरा कुठल्या डब्यात टाकायचा यावरून तिला त्या घरातल्या आठ वर्षांच्या मुलाने झापलं. प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की २५ सेंट परत मिळतात, ते काम तिच्याकडे आलं. शाम्पू संपला तो रविवारी, आणि रविवारी दुकानं बंद. दुपारी घरी असायच्या त्या आजी, कानाने कमी आणि बोलीभाषेत बोलणाऱ्या. त्यांच्याशी जोरात, सावकाश आणि व्याकरणशुद्ध बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. माझ्या तक्त्यांनी वर्षभरात न सुटलेली चतुर्थी विभक्ती त्या आजींनी महिन्याच्या आत सोडवली. फी न घेता.

खरी परीक्षा मात्र दिवाळीत झाली. त्या घरातली मुलगी सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. बादली आणि तांब्या कसा वापरायचा, रिक्षावाल्याला मीटर टाकायला कसं सांगायचं, फराळाचं ताट नाकारल्यावर आई का रुसते, हे सगळं आमच्या मुलीला जर्मनमधून समजावावं लागलं. आपलं घर दुसऱ्याला उलगडून सांगताना स्वतःलाही पहिल्यांदा दिसतं. पाच लाखांच्या कोर्समध्ये हा तास नसतो. तिथे पंचवीस-तीस मुलं, त्यातली निम्मी भारतीय, सोबत एक काळजीवाहू टूर मॅनेजर आणि बॅगेत थेपले. सकाळी व्याख्यान, दुपारी आउटलेट मॉल. परतताना इंग्रजी-हिंदी आहे तशीच.

घरात राहण्याच्या वाटा नव्या नाहीत आणि त्या श्रीमंतांसाठी राखीवही नाहीत. एएफएस ही संस्था १९४७ पासून विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करते. रोटरीच्या कार्यक्रमात राहणं-जेवण यजमान कुटुंबाकडे असतं, आपण विमान, विमा आणि व्हिसा बघायचा. जर्मन परराष्ट्र खात्याच्या २००८ पासूनच्या ‘पाश’ उपक्रमात भागीदार शाळांतल्या मुलांना जर्मनीतल्या तीन आठवड्यांच्या कोर्ससाठी शिष्यवृत्ती मिळते. त्यातही वर्ग आणि वसतिगृहच असतं, हे खरं. पण निवड भाषेवर होते आणि सोबत अनेक देशांतली मुलं असतात, ज्यांची समाईक भाषा जर्मनच.

गिऱ्हाईक-पाहुण्याचा माझा नियम सगळीकडे लागू पडतो असं मी म्हणणार नाही. पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने परीक्षा घेऊन आपल्या शाळांतली २५ मुलं नासाच्या भेटीसाठी निवडली. खेड्यातल्या सहावी-सातवीच्या पोरांना रॉकेट दुरून पाहायला मिळालं तरी मला ते मोलाचं वाटतं. आणि मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. लेकीला मुंबईच्या होस्टेलवर ठेवायला तयार नसलेले एक वडील, तिने परदेशात दोन आठवडे काढल्यावर दिल्लीला पाठवायला तयार झाले. कोर्स अगदी सुमार होता. धीर वडिलांना आला, पण तोही हिशेबात धरायला हवा.

परवा एक गृहस्थ आले. मुलगा अकरावीत, हातात बोस्टनच्या कोर्सचं गुळगुळीत पत्रक. मी त्यांना रोटरीचं सगळं समजावलं. ते खूश झाले, फोनवर तिकिटाचे दर बघून तिथल्या तिथे हिशेबही केला.

“आणि मॅडम, त्यांचा मुलगा इकडे येईल तो हॉटेलवर राहील ना?”

“नाही हो. तुमच्याकडे. तुमच्या मुलाच्या खोलीत.”

“किती दिवस?”

“तुमचा मुलगा तिकडे राहील, साधारण तितके.”

त्यांनी पत्रक पुन्हा उघडलं. “आमचं टू-बीएचके आहे,” म्हणाले. “घरी विचारून सांगतो.”