टाकाऊ ढिगांतील धन



आपल्या जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवरांतून पूर्वीं लोक क्षार काढीत असत. उन्हानें पाणी आटलें कीं विरघळलेला क्षार मागें उरे. जें दिसेनासें झालें तें नाहींसें झालेलें नसतें, हा धडा तें सरोवर आपणांस देतें. खाणींच्या टाकाऊ मालासही हाच न्याय लागू आहे.

खाणींतील दगडांत धातूचा अंश थोडा व मातीखडक फार. सहज निघेल तेवढा धातु काढून बाकीचें बाहेर टाकितात. परंतु त्या ढिगांतही कांहीं अंश राहतोच. मोरचुदाच्या द्रावणांत विजेचा प्रवाह सोडला असतां ऋण पट्टीवर तांबें बसतें, हें वरच्या वर्गांतील मुलांस ठाऊक आहे. त्याचे नियम मायकेल फॅरडे यांनीं १८३४ सालीं प्रसिद्ध केले. ढिगांतील तांबेंही असेंच आम्लांत विरघळवून परत मिळवितां येतें.

विदर्भास ही विद्या परकी नाहीं. भंडारा जिल्ह्यांत डोंगरी बुजुर्ग येथें ‘मॉयल’ ह्या सरकारी कंपनीनें आपल्या मँगनीजच्या खाणीशीं असा कारखाना उभारला. तेथें विजेच्या साह्यानें बनणारें शुद्ध मँगनीज डाय-ऑक्साइड बॅटरीच्या कोरड्या घटांत वापरतात. जी विद्या खनिजावर चालते, ती ढिगांवरही चालवून पाहावी, असें माझें मत आहे.

ढिगांत धातु अल्प, वीज महाग. म्हणून हा व्यवहार परवडत नाहीं, असा आक्षेप निघेल. तो खोटा नव्हे, पण त्यांतील हिशेब अपुरा आहे. वाऱ्यानें उडणारी धूळ व पावसानें विहिरींत उतरणारा मळ यांचें नुकसान कोणाच्या खातीं मांडावयाचें? कर्नाटकांतील कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ सालीं बंद झाल्या. मागें तीन कोटी टनांहून अधिक गाळाचे ढीग राहिले. खाणीचें उत्पन्न थांबलें, पण धूळ मात्र तेथील रहिवाशांच्या वांट्यास आली.

यास्तव खाणीचा परवाना देतांनाच ढिगांची विल्हेवाट लावण्याची अट घालावी. त्यांतून जो धातु निघेल, तो त्या खर्चास हातभार लावील. मात्र उरलेलें आम्ल चुन्यानें निर्दोष केल्यावांचून ओढ्यांत सोडूं नये. नाहीं तर एक उपद्रव टाळून दुसरा ओढवून घेतल्यासारखें होईल.

पालकांस विनंती इतकीच कीं, मुलांचा ओढा रसायनशास्त्राकडे असल्यास तो मोडूं नये. हें काम उद्यां त्यांनाच करावयाचें आहे.