विश्लेषण : उल्हास नदीला धोक्याची पातळी आहे, मग बदलापूर-अंबरनाथच्या उन्हाला का नाही?

मुंबईचे तापमान कुलाबा आणि सांताक्रूझ सांगतात. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरचे तापमान बहुतेक वेळा कोणाची तरी गच्ची सांगते. या गच्चीवरच्या नोंदींवर किती विश्वास ठेवायचा आणि त्यांचे पुढे काय करायचे?

मार्चचा पंधरवडा उलटला की दरवर्षी हेच होते. दुपारी तीनच्या सुमारास व्हॉट्सॲपच्या गटांवर स्क्रीनशॉट फिरू लागतात. एकात ४२, दुसऱ्यात ३८, तिसऱ्यात कोणाच्या तरी गाडीच्या डॅशबोर्डवरचे ४७. मग वाद. ‘आमच्या कुळगावात जास्त’, ‘अंबरनाथ पूर्वेला या, मग कळेल’, ‘उल्हासनगरात पत्र्याखाली बसून दाखवा’. या गदारोळात तीन-चार माणसे शांतपणे एकच आकडा टाकतात, वेळेसह, आर्द्रतेसह, वाऱ्याच्या दिशेसह. हे हवामानप्रेमी. कोणी नोकरदार, कोणी शिक्षक, कोणी निवृत्त. पदरचे पैसे घालून गच्चीवर छोटे स्वयंचलित केंद्र बसवलेले आणि रोजची नोंद वर्षानुवर्षे न चुकता ठेवणारे. वर्तमानपत्रांत या शहरांचे म्हणून जे तापमान छापून येते, ते बऱ्याचदा यांच्याकडूनच आलेले असते.

मुंबईत ३६ आणि बदलापुरात ४२, असे का होते?

बदलापूर रेल्वेने मुंबईपासून ६८ किलोमीटर आणि समुद्रापासून सरळ रेषेत ४० किलोमीटरहून थोडे जास्त. एवढ्या अंतरात पाच-सहा अंशांचा फरक पडतो, तो मुख्यतः वाऱ्यामुळे. मार्च ते मे या काळात सकाळी वारा पूर्वेकडून, म्हणजे दख्खनच्या पठारावरून येतो. ही हवा सह्याद्री उतरून खाली येताना दाबली जाते आणि दर १०० मीटर उतरणीला साधारण एक अंशाने तापते. म्हणजे घाटमाथ्यावर तापलेली हवा पायथ्याशी पोहोचेपर्यंत आणखी पाच-सहा अंश वर गेलेली असते. रायगड जिल्ह्यात घाटाच्या पायथ्याशी असलेल्या भिरा येथे मार्च २०१७च्या अखेरीस ४६.५ अंशांची नोंद झाली होती, आणि भिरा कोकणातच आहे.

मुंबईला या हवेपासून वाचवतो तो समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा. तो दुपारी बारापूर्वी सुरू झाला तर सांताक्रूझचा पारा ३३-३४ वर अडतो. उशीर झाला तर मुंबईही होरपळते. हाच वारा पारसिकचा डोंगर, मलंगगड-माथेरानची रांग ओलांडत बदलापूरला पोहोचेपर्यंत दुपार उलटलेली असते. तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. हिवाळ्यात पहाटे बदलापूरकर स्वेटर घालून लोकल पकडतो आणि दादरला उतरताना तो काढून पिशवीत ठेवतो, त्यामागेही समुद्रापासूनचे हेच अंतर आहे.

मग मोबाइलवर वेगळाच आकडा का दिसतो?

मोबाइलमधले हवामान ॲप तुमच्या गल्लीतले तापमान मोजत नाही. बहुतेक ॲप संगणकीय प्रारूपातून काढलेला अंदाज दाखवतात आणि प्रारूपाच्या एका चौकटीत कधी खाडी, डोंगर आणि उल्हासनगर असे सगळेच बसते. त्यात ‘जाणवणारे तापमान’ हा दुसरा आकडा. तो मोठा असतो म्हणून तोच पुढे पाठवला जातो.

गाडीचा डॅशबोर्ड तर विसराच. तापमान मोजायचे असते ते हवेचे. डांबराचे, बोनेटचे किंवा पत्र्याचे नव्हे. म्हणून वेधशाळेत तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, मोकळ्या जागेत ठेवतात. गच्चीवरच्या केंद्राचा खरा कस इथे लागतो. स्लॅब तापते, शेजारी पाण्याची काळी टाकी असते, बाजूच्या इमारतीच्या भिंतीची झळ येते. चांगला हवामानप्रेमी ओळखायची खूण हीच की, आपल्या आकड्यात एखादा अंश जास्त असू शकतो हे तो स्वतःहून सांगतो.

अर्थात चूक फक्त हौशी माणसाची होते असे नाही. २९ मे २०२४ रोजी दिल्लीजवळच्या मुंगेशपूर येथील हवामान विभागाच्याच स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले. देशभर बातमी झाली. नंतर विभागाने प्रमाणित उपकरण शेजारी ठेवून तपासले, तेव्हा केंद्र सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. त्यातून घ्यायचे ते एवढेच, की उपकरण सरकारी असो की खासगी, ते अधूनमधून प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहावे लागते. आपल्याकडच्या गच्च्यांवरची केंद्रे कोण ताडून पाहणार? आज कोणीच नाही. इच्छा असलेल्या हवामानप्रेमीलाही ‘माझे यंत्र तपासून द्या’ असे कुठे जाऊन म्हणायचे हे ठाऊक नसते.

अधिकृत नोंद नसल्याने नेमके काय अडते?

उष्णतेची लाट ठरवण्याचे हवामान विभागाचे निकष ठरलेले आहेत. मैदानी भागात पारा किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७, डोंगराळ भागात ३० आणि त्याबरोबरच सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांची वाढ. आता बदलापूर किनारपट्टी की मैदान? कोकण विभागात आहे म्हणून किनारपट्टी म्हणावे, तर समुद्राचा वारा इथे चहाच्या वेळेला येतो. आणि सरासरी कोणाची? हवामानशास्त्रात सरासरी काढायला ३० वर्षांची सलग नोंद लागते. कुलाबा, सांताक्रूझसारखी दशकानुदशकांची वेधशाळा या तिन्ही शहरांत नाही. जवळचे जुने केंद्र माथेरानचे, ते ८०० मीटर उंचीवर. त्याचा इथल्या उकाड्याला काय उपयोग? २०११च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून नऊ लाखांहून अधिक लोक होते. आज किती असतील याचा अंदाज सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये शिरून घ्यावा. एवढ्या लोकांच्या उन्हाला ‘सरासरी’च नाही.

म्हणून सूचना येते ती ‘ठाणे जिल्हा’ म्हणून. हा जिल्हा भाईंदरच्या किनाऱ्यापासून मुरबाड-शहापूरच्या घाटापर्यंत पसरलेला. एकाच पिवळ्या रंगात दोघेही.

नदीचे तसे नाही. उल्हास नदीची बदलापूर पुलाजवळची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर. हे दोन आकडे बदलापूर पश्चिमेतल्या कित्येकांना तोंडपाठ आहेत. २६ जुलै २००५ लोकांनी पाहिला आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तेही पाहिले आहे. सतरा पॉइंट पाच म्हटले की गाड्या उंचावर न्यायच्या, तळमजला रिकामा करायचा, हे सांगावे लागत नाही. आकड्याला कृती जोडलेली आहे म्हणून तो लक्षात राहतो. ४२ अंशांना कोणतीच कृती जोडलेली नाही. त्यामुळे तो आकडा केवळ चर्चेपुरता उरतो, आणि माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

ऊन कोणाला लागते?

उल्हासनगर वसले ते १९४९ साली, कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवलेल्या सिंधी निर्वासितांसाठी. सुमारे १३ चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांवर माणसे. बराकींवर मजले चढले, मजल्यांवर पत्रे चढले. त्या पत्र्याखाली शिलाई, फर्निचर, पॅकिंग असे काम चालते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत भट्टीजवळ, बॉयलरजवळ कंत्राटी कामगार असतात. बदलापुरात नवे टॉवर उभे राहत आहेत, त्यांच्या स्लॅबवर भरदुपारी माणसे उभी असतात. त्यांच्यातल्या एखाद्याने चक्कर येते म्हटले, तर मुकादम मोबाइल काढून ‘छत्तीस तर आहे’ म्हणू शकतो. तो आकडा कुठला, हे विचारणार कोण?

इथे हवामानप्रेमींनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सर्वात मोठा आकडा म्हणजे सर्वात धोक्याचा दिवस, असे नसते. शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. हवा कोरडी असेल तर घाम वाळतो. दमट असेल तर नुसता वाहतो. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले तर ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेत तो साधारण २४ अंश दाखवील. ३६ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत मात्र २९. म्हणजे एप्रिलमधल्या ४२ पेक्षा मेअखेरचे घामट ३६ अंगमेहनत करणाऱ्याला जास्त जड जाऊ शकते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्यावर बसलेल्या लोकांपैकी १४ जण दगावले, तेव्हाही पारा काही ४५ वर नव्हता. बातमीत तापमानाशेजारी आर्द्रता छापायला जागा लागते ती किती?

आणि वादळाचे काय?

वळवाच्या पावसाची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे हवामानप्रेमींचे पारडे माझ्या मते निर्विवाद जड आहे. मे महिन्यात दुपारनंतर सह्याद्रीवर ढगांचे मनोरे उभे राहतात. वरच्या थरातला वारा पूर्वेकडून असेल, तर ते मुरबाड-कर्जतकडून आपल्याकडे सरकतात. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेत वाटेतच आटतो. त्याने हवा गार आणि जड होते, धाडकन खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. हाच तो धुळीचा लोट. पाऊस मागून येतो, वारा आधी.

१३ मे २०२४ची दुपार आठवा. मुंबईत घाटकोपरला महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. ठाणे-मुलुंडदरम्यान ओव्हरहेड वायरचा खांब वाकल्याने लोकल खोळंबल्या. त्याच दिवशी बदलापूर, उल्हासनगर, कल्याण परिसरातही सोसाट्याचा वारा आणि पाऊस होता. हवामान विभाग अशा वेळी पुढच्या तीन तासांसाठी इशारा देतो आणि तो द्यायलाच हवा. पण तो जिल्ह्याचा असतो. मुरबाडहून बदलापूर सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. ढग ताशी ४० किलोमीटर वेगाने सरकत असेल तर हातात अर्धा तास मिळतो. मुरबाडच्या माणसाने ‘इथे वारा सुटला, पारा दहा मिनिटांत सहा अंशांनी उतरला’ एवढे लिहिले, तर बदलापुरात क्रेन थांबवता येते, मैदानावरचा क्रिकेटचा सामना आवरता येतो, फलकाखालचा वडापावचा ठेला हलवता येतो.

पावसाळ्यातही हेच. उल्हास लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरातून निघते. बदलापुरात ऊन पडलेले असताना तिकडे कोसळलेला पाऊस काही तासांनी इथल्या पुलाखाली येतो. कर्जत-नेरळच्या हौशी नोंदी म्हणूनच बदलापूरकरांना आपल्या गच्चीपेक्षा मोलाच्या. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरात शिरणारी वालधुनी लहान आहे. ती तर तासाभरात चढते.

मात्र निरीक्षण आणि भाकीत यांत अंतर ठेवावे. ‘इथे आता गारा पडत आहेत’ हे गच्चीवरून दिसते. ‘उद्या ढगफुटी होणार’ हे दिसत नाही, आणि असे संदेश पाठवणाऱ्यांनी प्रामाणिक नोंदी ठेवणाऱ्यांचे नाव बरेच खराब केले आहे.

दुसरीकडे काय केले गेले?

अमेरिकेत कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स शहरात २८ जुलै १९९७ रोजी अचानक पूर आला, पाच जण गेले. शहराच्या एका भागात प्रचंड पाऊस झाला होता आणि दुसऱ्या भागात तुलनेने किरकोळ. मोजणारी केंद्रे मोजकीच. दुसऱ्याच वर्षी तिथल्या विद्यापीठातील हवामान तज्ज्ञांनी घरोघरच्या स्वयंसेवकांना एकसारखे साधे पर्जन्यमापक वापरायला लावून जाळे उभे केले. ते पुढे देशभर पसरले. केरळमध्ये कोट्टायम जिल्ह्यात मीनचिल नदीच्या खोऱ्यात नागरिक आणि शाळकरी मुले पाऊस आणि नदीची पातळी मोजून एकमेकांना कळवतात. मुंबई महापालिकेने २००५ नंतर शहरभर स्वतःची स्वयंचलित केंद्रे बसवली. अहमदाबादने २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला आणि कोणत्या तापमानाला कोणता रंग आणि कोणते काम हे ठरवून टाकले. ठाणे शहराचाही आराखडा २०२४ मध्ये आला.

आपल्या तीन शहरांसाठी मागणे फार मोठे नाही. प्रत्येक शहरात पालिकेच्या एखाद्या मोकळ्या जागेत, गवतावर, नियमाने उभारलेले एक केंद्र हवे. चौकाच्या सुशोभीकरणाला निघतो तेवढा निधी त्याला पुरावा. तिथले प्रमाणित उपकरण वर्षातून एकदा हवामानप्रेमींना आपली यंत्रे ताडून पाहण्यासाठी खुले असावे. शासनाच्या ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळांत केंद्रे बसली आहेत, पण त्यांचा मूळ हेतू शेती आणि पीकविमा. दाट वस्तीतले ऊन मोजायला शहरातच केंद्र लागेल.

आणि मग खरे काम. तापमान व आर्द्रता मिळून धोक्याची पातळी ठरवायची आणि तिला कृती जोडायची. त्या पातळीला पालिकेच्या शाळा किती वाजता सुटतील, सफाई कामगारांची पाळी किती वाजता संपेल, बांधकामावर दुपारी किती ते किती काम बंद, पाण्याचा टँकर कोणत्या वस्तीत आधी. केंद्र बसेपर्यंत थांबायचीही गरज नाही. गेल्या काही वर्षांच्या नोंदींच्या वह्या आणि फायली या शहरांतल्या दोन-चार घरांत आजही आहेत. मागायला कोणी गेलेले नाही.