काच लावण्याआधी पाहा

काही गाड्यांत चावीवरचे अनलॉकचे बटण दाबून धरले की सगळ्या काचा खाली येतात. लॉकचे दाबून धरले की वर जातात. उन्हात तापलेल्या गाडीतली गरम हवा बाहेर काढायला ही सोय उत्तमच. पण बंद करताना जपावे. बोट अडकले तर काच आपोआप मागे फिरेल, अशी व्यवस्था सगळ्याच गाड्यांत, सगळ्याच खिडक्यांना नसते. दुरून बटण दाबणाऱ्याला नातवाचा हात किंवा आत शिरलेले मांजर दिसत नाही. आदाननिक्षेपण समिती सांगते, वस्तू उचलताना-ठेवताना आधी पाहा. ती साधूंसाठी असली तरी श्रावकालाही पाळता येते. गाडीकडे येता येता काचा खुशाल उघडा. लावताना मात्र जवळ उभे राहून चारही खिडक्या पाहा.