इतिहासाचा तास आणि ऐकीव माहिती

गणिताच्या शिक्षकाला गणित यायला हवे, यावर कोणी वाद घालत नाही. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांच्याबाबतीत मात्र आपला समज वेगळाच आहे. पुस्तक वाचता आले की हे विषय शिकवता येतात, असे आपण गृहीत धरतो. त्यामुळे अनेक शाळांत ज्याचे तास कमी भरतात त्याच्याकडे हे विषय दिले जातात. मग तो भाषेचा शिक्षक असो की खेळाचा.

याचे नुकसान कोणाचे होते? शिक्षकाला विषयाची माहिती नसली म्हणून तास रिकामा राहत नाही. मुले प्रश्न विचारतात आणि पुस्तकातली दोन वाक्ये संपली की शिक्षक ऐकीव माहिती सांगू लागतो. कुठे कादंबरीतला प्रसंग, कुठे सिनेमातला संवाद, कुठे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर. गणितात चूक झाली तर उत्तर चुकते. इतिहासात चूक झाली तर त्याच वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाकडे बाकीची मुले वळून पाहू लागतात.

आपल्याकडे चौथीच्या वर्गात शिवचरित्र शिकवतात. त्यातला अफजलखान वधाचा पाठ घ्या. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली झालेली ही भेट नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ अशी सहज सांगता येते. विषय जाणणारा शिक्षक तशी सांगणार नाही. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, हे त्याला ठाऊक असते. पुढे १६६५ मध्ये पुरंदरला वेढा घालणारी मोगल फौज मिर्झाराजे जयसिंगाच्या हाताखाली होती आणि जंजिऱ्याच्या सिद्दीशी झुंजणाऱ्या मराठी आरमारात दौलतखान हा एक प्रमुख होता, हेही तो सांगेल. हा संघर्ष राज्यसत्तेचा होता, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही. नावे ऐकूनच ती ते ओळखतील. महाराजांचे मोठेपण त्यात तसूभरही कमी होत नाही.

इथे आपल्या समाजानेही एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ऐकीव माहितीला उत्तर म्हणून आपणही ऐकीव माहितीच फिरवतो. महाराजांच्या सैन्यात इतके टक्के मुसलमान होते, असे आकडे आपल्या व्यासपीठांवरून बिनधास्त सांगितले जातात. त्यांना पुरावा काय, हे कोणी विचारत नाही. सभासदाची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर दीडएक दशकाने लिहिली गेली, तर चिटणिसांची शतकाहून अधिक काळाने. दोन्हींचे वजन सारखे कसे असेल? हा फरक शिकवणारा शिक्षक मराठी शाळेला हवा तसा उर्दू शाळेलाही हवा.

नागरिकशास्त्राचेही तेच. राज्यघटनेच्या कलम ३० चा विषय निघाला की ‘मुसलमानांना दिलेली सवलत’ असे सहज बोलले जाते. प्रत्यक्षात ते कलम धार्मिक आणि भाषिक, दोन्ही अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क देते. अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली टी. एम. ए. पै प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे कर्नाटकात, बेळगावच्या मराठी माणसाला याच कलमाचा आधार आहे. शिक्षकाने एवढे एक उदाहरण दिले, तरी मुलांची या कलमाकडे पाहण्याची नजर बदलेल.

भूगोलात द्वेषाचा प्रश्न येत नाही, पण कंटाळ्याचा येतो. महाबळेश्वरला धो धो पाऊस पडतो आणि तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईला त्याच्या मानाने फारच थोडा. हे का, ते समजावता येणाऱ्या शिक्षकाला ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ ही व्याख्या घोकून घ्यावी लागत नाही.

काही जण म्हणतील, पगार आणि पटसंख्येच्या चिंतेत असलेल्या, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत सगळी कामे करणाऱ्या शिक्षकाने वाचायचे कधी? तक्रार खरी आहे आणि दोष एकट्या शिक्षकाचा नाही. शिक्षक पात्रता परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात सामाजिक शास्त्रांना १५० पैकी ६० गुण आहेत. ती परीक्षा पास झाली की पुढची वीस-पंचवीस वर्षे विषयाचे काय वाचले, हे कोण विचारतो? प्रशिक्षणे होतात ती बहुधा पद्धतीची आणि ॲपची. विषयाची क्वचितच.

म्हणून मागणी साधी आहे. इतिहास-भूगोलाचे तास त्या विषयात पदवी घेतलेल्यालाच द्यावेत. प्रशिक्षणात विषयाच्या अभ्यासकांना बोलवावे. शाळेच्या कपाटात साधनग्रंथ आणि राज्यघटनेची मराठी प्रत असावी आणि त्या कपाटाला कुलूप नसावे. पालकसभेत आपण मुलाचे गणिताचे गुण विचारतो. एकदा हेही विचारू या, की इतिहास कोण शिकवते आणि त्यांचा विषय कोणता?